मदत हवी आहे: प्रोस्टेटच्या लेझर ऑपरेशननंतर लघवी गळते

नमस्कार मंडळी. वडील ७१ वर्षांचे. प्रोस्टेट ग्रंथी वाढून ८४ ग्रॅमची झाली होती. दोन वर्षं टॅमसुलोसिन (लघवी मोकळी व्हायची गोळी) चालू होतं, पण एका रात्री लघवी पूर्ण तुंबली आणि नळी घालावी लागली. शेवटी १९ दिवसांपूर्वी होल्मियम लेझरने ऑपरेशन (होलेप) केलं. नळी तिसऱ्या दिवशी काढली. तपासणीत कॅन्सर नाही. धार आता अशी की बाबा म्हणाले, "कॉलेजात असल्यासारखं वाटतंय!"

पण खुर्चीतून उठताना, खोकताना लघवी गळते. दिवसाला तीन पॅड लागतात. डॉक्टर म्हणतात, काही आठवडे, क्वचित काही महिने चालतं, केगल (लघवी रोखणारे स्नायू आवळायचा व्यायाम) करा. बाबा ते करताना श्वास रोखून पोटच आवळतात, नेमका कुठला स्नायू हे त्यांना उमगतच नाही. परवा पाण्याची कळशी उचलली (सांगून ऐकतील तर शपथ) आणि लघवी गुलाबी झाली. भरपूर पाणी प्यायल्यावर संध्याकाळपर्यंत निवळली. डॉक्टरांना फोन केला होता; रक्ताच्या गाठी पडल्या किंवा लघवी अडली तर लगेच या म्हणाले.

ज्यांच्या घरी हे ऑपरेशन झालंय त्यांनी सांगा, गळणं किती दिवसांत थांबलं? केगल शिकायला फिजिओथेरपिस्टकडे कुणी गेलंय का? चहा कमी केल्याने लघवीची घाई खरंच कमी होते का? बाबा दिवसाला पाच कप घेतात, म्हणजे घरात युद्धच. आणि पुढच्या आठवड्यात कोल्हापूरला भाचीचं लग्न आहे, एसटीने पाच तास. न्यावं का?