लसीच्या यादीतून बारा नावं मागे : सोसायटी ग्रुपवरची शनिवारची चर्चा

मंजिरी (बी 304): नमस्कार. स्पष्टच लिहिते, राग आला तर आधीच माफी मागते. उद्याच्या गोवर-रुबेला लसीसाठी काल संध्याकाळपर्यंत 31 मुलांची नावं होती. रात्री सव्वादहाला ग्रुपवर ‘लसीने मुलांना ऑटिझम होतो’ म्हणणारा तो व्हिडिओ आणि त्याच्यासोबतचा मेसेज पडला (ऑटिझम म्हणजे मुलाच्या बोलण्या-मिसळण्यावर परिणाम करणारी मेंदूच्या वाढीतली अवस्था) आणि सकाळपर्यंत 12 नावं मागे. कारण एकानेही सांगितलं नाही. मी बालरुग्ण विभागात सोळा वर्षं नर्स आहे, सगळ्यांना माहीत आहे. माझं दार वाजवून कोणीतरी विचारायचं होतं.

सेक्रेटरी: यादी आज रात्री 9 वाजता बंद होईल. कृपया सर्वांनी विषयाला धरून बोलावे.

शुभदा काकू (ए 203): मंजिरी, तू मनाला लावून घेऊ नकोस. पण मला तो मेसेज चार ठिकाणांहून आला गं. बहिणीकडून, योगाच्या ग्रुपवर, भाच्याकडून आणि इथे. चार जण सांगतायत म्हणजे काहीतरी असेल ना?

प्रमोद (बी 101): माझा एकच साधा प्रश्न. आगीशिवाय धूर निघतो का?

निखिल (सी 501): काकू, चारही मेसेज मला पाठवता का?

प्रमोद (बी 101): आता काकूंचा मोबाईल तपासणार का?

शुभदा काकू (ए 203): पाठवले रे. बघ.

निखिल (सी 501): बघितले. चारही मेसेजमध्ये ‘शास्त्रज्ञ’ऐवजी ‘शास्रज्ञ’ लिहिलंय, शेवटी सात उद्गारचिन्हं आहेत, प्रत्येक ठिकाणी सातच. वर दोन बाण आहेत, म्हणजे पुढे पुढे ढकलत आलेला. काकू, चार जणांनी सांगितलेलं नाही हे. कोणीतरी एकानेच लिहिलेलं तुमच्याकडे चार दारांनी आलंय.

शुभदा काकू (ए 203): अगंबाई! हे माझ्या लक्षातच आलं नाही. पण खरं सांगू? बहिणीकडून आलेलं आपण तपासत नाही रे. ती कशाला खोटं बोलेल?

निखिल (सी 501): ती खोटं बोलतच नाहीये काकू. तिलाही काळजीच आहे. म्हणून तर पाठवलं.

निखिल (सी 501): यावर जुना प्रयोग आहे. 1977 मध्ये हॅशर, गोल्डस्टीन आणि टॉपिनो या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांसमोर दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीनदा विधानं ठेवली, खरी-खोटी मिसळून. जी विधानं पुन्हा पुन्हा समोर आली ती जास्त खरी वाटायला लागली. खोटी होती तीसुद्धा. नुसतं कानावरून गेलं की ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं ते खरं वाटतं. तेव्हा तर मोबाईलही नव्हते.

प्रमोद (बी 101): तू आधी गाडी रेषेच्या आत लावायला शिक, मग आम्हाला मानसशास्त्र शिकव.

निखिल (सी 501): गाडीचा विषय मिटलाय. मागच्या मीटिंगमध्ये तुम्हीच सही केली आहे.

सेक्रेटरी: कृपया पार्किंगचा विषय इथे नको. यादी 9 वाजता बंद.

अण्णा (ए 102): व्हिडिओ मी टाकला. नाव न घेता बोलायची गरज नाही. 74 वर्षांचा आहे, कोणाला घाबरत नाही. औषधवाले लोकांवर प्रयोग करतात हे खोटं आहे का? टस्कीगी हे नाव ऐकलंय का कोणी? गुगल करा.

मंजिरी (बी 304): ऐकलंय अण्णा. आणि तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं आहे. अमेरिकेत 1932 ते 1972, चाळीस वर्षं, सिफिलिस हा गुप्तरोग झालेल्या 399 कृष्णवर्णीय माणसांना उपचार न देता नुसतं बघत बसले. त्यावर पेनिसिलिन हे औषध आलं तरी दिलं नाही. सरकारी आरोग्य खात्याने केलं हे. आमच्या प्रशिक्षणात शिकवतात, आणि शिकवायलाच हवं.

प्रमोद (बी 101): घ्या! नर्सबाईच कबूल करतायत. आगीशिवाय धूर निघतो का?

मंजिरी (बी 304): प्रमोदजी, पूर्ण वाचा. ते बाहेर कसं आलं? पीटर बक्सटन नावाच्या त्याच खात्यातल्या एका कर्मचाऱ्याने आधी वरिष्ठांकडे तक्रार केली, कोणी ऐकलं नाही तेव्हा वार्ताहरांना सांगितलं. 1972 च्या जुलैमध्ये पेपरात छापून आलं. माणसांची नावं होती, कागद होते, तारखा होत्या, पुढे चौकशी झाली. अण्णा, कालच्या व्हिडिओत एक तरी तारीख आहे? एका तरी रुग्णालयाचं नाव आहे? पांढरा कोट घातलेला माणूस आहे, पण तो कोण, कुठला, काहीच नाही.

अण्णा (ए 102): नाव सांगितलं तर त्याला जिवंत ठेवतील का?

निखिल (सी 501): अण्णा, पुरावा नाही म्हणजे लपवला, आणि पुरावा मिळाला तर मग विचारायलाच नको. असं असेल तर तुमचं मत चुकीचं आहे हे तुम्हाला कळणार तरी कसं?

अण्णा (ए 102): मला शहाणपणा शिकवू नकोस. तुझ्या वडिलांच्या वयाचा आहे.

शुभदा काकू (ए 203): निखिल, जरा सांभाळून बोल बाळा.

प्रमोद (बी 101): हे लोक चंद्रावर गेलो म्हणून पण सांगतात. वारा नाही तर झेंडा फडकला कसा? 😄

निखिल (सी 501): फडकला नाही. वरून आडवी दांडी घातली होती, म्हणून ताठ दिसतो. 1969 ते 1972 सहा वेळा उतरले, बारा माणसं चालून आली, 382 किलो दगड-माती आणली. तिथे ठेवलेल्या आरशांवर आजही पृथ्वीवरून लेझर मारतात. आपल्या चांद्रयान-2 च्या कॅमेऱ्यातही अपोलो 11 चा मागे राहिलेला भाग दिसला. सोव्हिएत संघाला थोडा जरी संशय असता तर त्यांनी पहिली बोंब मारली असती.

प्रमोद (बी 101): दोघांची मिलीभगत असेल.

सेक्रेटरी: चंद्राचा विषय नको. सध्या 19 नावं.

मंजिरी (बी 304): प्रमोदजी, मनापासून विचारते. मागच्या महिन्यात तुम्ही टाकलं होतं की लस म्हणजे नुसतं पाणी, पैसे उकळायला. काल तुम्हीच लिहिलंत की लसीने मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो. पाणी असेल तर परिणाम कसा?

निखिल (सी 501): यावरही अभ्यास आहे. 2012 मध्ये केंट विद्यापीठातल्या संशोधकांना आढळलं की राजकुमारी डायनाचा खून झाला असं ज्यांना जास्त पटतं, त्यांनाच तिने मृत्यूचं नाटक केलं हेही जास्त पटतं. दोन्ही एकदम खरं असूच शकत नाही. पण खाली एकच गोष्ट असते : वरचे लोक खोटं बोलतात. ती एकदा मनात बसली की वरती काहीही चालतं.

प्रमोद (बी 101): म्हणजे आम्ही वेडे. लिहा तसं सरळ.

मंजिरी (बी 304): वेडे नाही हो. तसं असतं तर मी इथे तासभर टाइप करत बसले नसते. आमच्या वॉर्डमध्ये डबल ग्रॅज्युएट आईवडील हेच विचारतात.

मंजिरी (बी 304): हे ऑटिझमचं प्रकरण कुठून आलं ते सांगते. 1998 मध्ये ब्रिटनमधल्या अँड्र्यू वेकफिल्ड या डॉक्टरने ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात फक्त 12 मुलांवरचा लेख छापला, गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा ऑटिझमशी संबंध असावा असं सुचवणारा. ब्रायन डीअर या पत्रकाराने खणून काढलं की लस कंपन्यांवर खटला भरणाऱ्या वकिलाकडून त्याला पैसे मिळत होते. मुलांच्या नोंदीही बदललेल्या होत्या. 2010 मध्ये लॅन्सेटने लेख मागे घेतला, त्याच वर्षी त्याचं नाव डॉक्टरांच्या यादीतून काढलं. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासल्या, निकाल 2019 मध्ये आला. लस आणि ऑटिझमचा संबंध सापडला नाही. अण्णा, कारस्थान होतंच. पण ते लसीच्या विरोधात बोलणाऱ्याचं होतं.

शुभदा काकू (ए 203): मग लोकांना अजून खरं का वाटतं गं?

मंजिरी (बी 304): कारण मूल दीड-दोन वर्षांचं होतं तेव्हाच आईला पहिल्यांदा जाणवतं की हाक मारली तर बघत नाही, बोलता बोलता थांबलं. आणि त्याच सुमाराला लसही असते. काल सुई, आज हे. तिला काय वाटणार? ती कारण शोधत असते. डॉक्टर म्हणतात “नक्की सांगता येत नाही”. व्हिडिओतला माणूस म्हणतो “मी सांगतो”.

प्रमोद (बी 101): बरं. पण आगीशिवाय धूर

प्रमोद (बी 101): निघतो का, एवढंच सांगा.

निखिल (सी 501): निघत नसेल. पण मोबाईलवर धूर विकायचाच धंदा आहे काका. 2018 मध्ये ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात अभ्यास आला. ट्विटरवरच्या 2006 ते 2017 मधल्या सुमारे 1,26,000 बातम्या. खोटी बातमी पुढे पाठवली जायची शक्यता खऱ्यापेक्षा 70 टक्के जास्त. यंत्रांमुळे नाही, माणसांमुळे. खोट्यात नवल असतं, किळस असते, भीती असते. खरी बातमी बिचारी रटाळ.

केतकी (ए 102): मी आजवर इथे काही लिहिलं नाही. आज लिहिते. आमच्या बाळाचं नाव अण्णांनी मागे घेतलं असं सगळे धरून चाललेत. अण्णांनी नाही, मी घेतलं.

अण्णा (ए 102): केतकी, हे ग्रुपवर कशाला?

केतकी (ए 102): बोलू द्या अण्णा. घरात हा विषय निघाला की तुम्ही आणि हे, दोघांचाच वाद होतो. मला कोणी विचारलंच नाही.

केतकी (ए 102): बाळ रात्री अडीचला उठतं. त्याला घेऊन बसले की दुसऱ्या हातात मोबाईल असतो. एक व्हिडिओ संपला की पुढचा आपोआप लागतो. पहिला होता “लसीनंतर ताप आला तर काय करावे”. तीन-चार व्हिडिओंनंतर एक आई दिसली, मुलाचा फोटो छातीशी धरून रडत होती. भाषा कळली नाही, खाली ओळी येत होत्या. मी बाळाकडे बघितलं आणि माझे हात गार पडले. सकाळी उठून नाव काढलं. मंजिरीताई, मला माहीत होतं तुम्ही इथेच राहता. पण तुम्ही म्हणाल, एवढी शिकलेली आणि असं काय.

मंजिरी (बी 304): केतकी, असं मी कधीच म्हटलं नसतं गं.

केतकी (ए 102): तुम्ही नाही. पण ग्रुपवर निखिल काय लिहितो ते वाचते ना मी. मागे शुभदा काकूंच्या मेसेजखाली त्याने हसणारे चेहरे टाकले होते.

निखिल (सी 501): टाकले होते. चूक झाली. काकू, सॉरी.

शुभदा काकू (ए 203): अरे असू दे.

अण्णा (ए 102): निघालाच आहे विषय तर सांगतो. हिच्या सासूबाईंच्या वेळी तीन महिने आम्हाला सांगत होते, रिपोर्ट नॉर्मल आहेत. फाईल मागितली तर म्हणाले मिळत नाही. चौथ्या महिन्यात एका शिकाऊ डॉक्टरने जिन्यात उभं राहून खरं सांगितलं. दोन मिनिटं. त्यालाही घाई होती. हे मी कोणत्या व्हिडिओत बघितलं नाही, माझ्यासमोर घडलंय. आणि तो व्हिडिओतला माणूस चाळीस मिनिटं माझ्या डोळ्यांत बघून बोलतो. मला आयुष्यात कुठल्या डॉक्टरने चाळीस मिनिटं दिलेली नाहीत.

शुभदा काकू (ए 203): अण्णा, हे कधी बोलला नाहीत.

अण्णा (ए 102): कोणी विचारलं?

मंजिरी (बी 304): अण्णा, काकूंच्या वेळी मी दुसऱ्या ड्युटीवर होते आणि दोनदाच येऊन गेले, ते मला अजून लागतं. तुमच्याशी खोटं बोलले, हे खरं आहे. त्यांच्यावर विश्वास ठेवा असं मी म्हणणार नाही. मी फक्त मी जे बघितलंय ते सांगते. गोवर झालेलं मूल आलं की आम्ही आधी तोंड उघडून गालाच्या आत टॉर्च मारतो. मिठाचे दाणे पसरावेत तसे पांढरे ठिपके असतात. डोळे लाल, उजेड सहन होत नाही. मग कानामागून पुरळ सुरू होतं आणि खाली उतरत जातं. ते मूल खोलीतून गेल्यावरही दोन तास हवेत विषाणू राहू शकतो. लस न घेतलेली दहा मुलं जवळ असतील तर त्यातल्या नऊ जणांना होऊ शकतो. बहुतेक मुलं बरी होतात. काहींना न्यूमोनिया होतो, काहींच्या मेंदूला सूज येते. त्या आयांचे व्हिडिओ कोणी करत नाही अण्णा. त्या वॉर्डबाहेर बाकावर बसलेल्या असतात.

निखिल (सी 501): 2008 मध्ये व्हिटसन आणि गॅलिन्स्की यांनी दाखवलं होतं की परिस्थिती आपल्या हातात नाही असं वाटायला लावलं की माणसाला नुसत्या ठिपक्यांतही आकृत्या दिसायला लागतात. मी हे वाचलं होतं, पण अण्णांशी कधी जोडलं नाही.

प्रमोद (बी 101): सगळं ठीक आहे. पण माझ्या प्रश्नाचं उत्तर कोणीच दिलं नाही. आगीशिवाय धूर निघतो का?

शुभदा काकू (ए 203): प्रमोद, आता पुरे हं.

सेक्रेटरी: 8:40 झाले. सध्या 22 नावं. तीन पालकांनी मला खाजगीत कळवलं आहे.

अण्णा (ए 102): मंजिरी, चाळीस मिनिटं आहेत का तुझ्याकडे?

मंजिरी (बी 304): आहेत. येते खाली. तो व्हिडिओ बघूनच घेऊ, थांबवत थांबवत. जिथे शंका येईल तिथे विचारा. मला माहीत नसेल ते माहीत नाही म्हणेन.

अण्णा (ए 102): ये.

केतकी (ए 102): मंजिरीताई, बाळाला दोन दिवस सर्दी आहे. ताप नाही. उद्या लस चालेल का?

मंजिरी (बी 304): नुसती सर्दी असेल तर चालते गं. उद्या डॉक्टर आधी तपासतीलच. आधीच्या लसींचं कार्ड काढून ठेव, मी येतेय तर आत्ताच बघते.