एचआर (हाय रेझिलियन्स, म्हणजे जास्त उसळीच्या) फोममध्ये नेहमीचे सिलिकॉन घातल्यावर फोम का आकसतो?

प्रश्न:
गादीच्या साध्या स्लॅबस्टॉक (मोठ्या ब्लॉकच्या रूपात फुगवलेल्या) फोमसाठी आम्ही शंभर भाग पॉलिओलमागे (फोमचा मुख्य द्रव कच्चा माल) एक भाग सिलिकॉन घालतो आणि ब्लॉक उत्तम फुगतो. तेच सिलिकॉन साच्यातील एचआर फोमसाठी वापरले असता तुकडा थंड होता होता कडांनी आत ओढला जातो. प्रमाण वाढवले, तर आकसणे आणखीच वाढले. फोम सावरण्यासाठीच असलेला घटक जास्त झाल्यावर फोम बिघडवतो कसा?

उत्तर १:
सावरण्याचे काम तो गरजेपेक्षा जास्त करतो, हीच अडचण आहे. सिलिकॉनच्या या रेणूत सिलोक्सेनच्या (सिलिकॉन आणि ऑक्सिजन अणूंच्या) साखळीला पॉलिइथरच्या साखळ्या जोडलेल्या असतात. त्यामुळे तो पॉलिओलमध्ये मिसळतो, पृष्ठताण उतरवतो आणि बुडबुड्यांमधील पातळ पडद्यातून द्रव ओघळू देत नाही. साध्या फोमचे मिश्रण सावकाश घट्ट होते, म्हणून तिथे जोरकस सिलिकॉन लागते. एचआरमधील पॉलिओल अधिक क्रियाशील असतो, शिवाय डायइथेनॉलअमाइनसारखा क्रॉसलिंकर (साखळ्या एकमेकींना जोडणारा घटक) असतो, त्यामुळे मिश्रण स्वतःच लवकर पकड घेते. त्यात जोरकस सिलिकॉन आले की पडदे फुटायच्या वेळी फुटत नाहीत आणि सेल (फोममधील बुडबुड्यांचे कप्पे) बंद राहतात. आतील कार्बन डायऑक्साइड थंड होऊन आकुंचन पावतो, शिवाय भिंतींतून बाहेरही झिरपतो. हवा तितक्या वेगाने आत येत नाही, म्हणून बाहेरचा दाब तुकडा चेपतो. एचआरसाठी आखूड सिलोक्सेन साखळीचे, सौम्य सिलिकॉन घ्यावे. आहे तेच सिलिकॉन कमी करून भागवणे मला पटत नाही, कारण थोडे कमी पडताच फोम बसतो आणि थोडे जास्त होताच आकसतो.

उत्तर २:
वरील कारणमीमांसा योग्य आहे. मात्र सिलिकॉन बदलले तरी क्रशिंग (तुकडा दाबून बंद सेल फोडणे) सहसा चुकत नाही. साच्यातून काढलेला गरम तुकडा लगेच दाबून पाहावा. फटफट असा आवाज आला, तर बंद सेल फुटत आहेत असे समजावे. तो रोलरमधून काढल्यास आकार टिकतो.

उत्तर ३:
पॉलिओल, पाणी आणि अमाइन (उत्प्रेरक) यांचे प्रीमिक्स, म्हणजे आधीच करून ठेवलेले मिश्रण, साठवत असाल, तर नव्या सिलिकॉनमधील जोडणी विचारून घ्यावी. पॉलिइथर ऑक्सिजनमार्फत जोडलेले असेल, तर पाण्याने तो बंध हळूहळू तुटतो आणि जुन्या प्रीमिक्सचा फोम बसू लागतो. थेट कार्बनशी जोडलेला प्रकार टिकतो. शुद्ध सिलिकॉन तेल मात्र पर्याय म्हणून वापरू नये. ते थोडे जास्त झाले तरी फोम कोसळू शकतो.