मेरी क्रीकवर परतलेला खंड्या
शहरी ओढ्यांच्या पुनरुज्जीवनाचे उत्सव निव्वळ दिखाऊ असतात, या मताशी मी सहमत नाही. मेलबर्नच्या मेरी क्रीक या ओढ्याच्या काठाची दगडखाणी, कचराभराव आणि सांडपाणी यांनी रया गेली होती. रहिवाशांनी वर्षानुवर्षे तण उपटून स्थानिक झाडे लावली, तेव्हा कुठे वसंतात उत्तरेकडून येणारा सेक्रेड किंगफिशर, म्हणजे आपल्या खंड्याचा हिरवट-निळा भाऊबंद, तिथे पुन्हा दिसू लागला आणि १९९४ पासून सेरेस या पर्यावरण उद्यानात त्याच्या स्वागताचा उत्सव सुरू झाला. ही भूमी मुळात वुरुंजेरी या तिथल्या आदिवासी लोकांची. याच ओढ्याच्या मुखाजवळ १८४५ मध्ये आदिवासी मुलांसाठी काढलेली शाळा १८५१ मध्ये बंद पडली. हा इतिहास पाहता, अशा उत्सवात वुरुंजेरी ज्येष्ठांचा शब्द पहिला असणे मला फार मोलाचे वाटते.