क्योटोत एकच दिवस हाताशी असताना कोणत्या बागा पाहाव्यात?

पायवाट :
जूनच्या उत्तरार्धात कामानिमित्त ओसाकाला जाणार असून त्यातला एक पूर्ण दिवस क्योटोसाठी मोकळा मिळाला आहे. मी एकटीच असेन. खरेदीत मला रस नाही. बागा पाहायच्या आहेत, तेही निवांतपणे. यादीत र्‍योआनजीची दगडांची बाग, साइहोजीचे शेवाळ, कात्सुरा येथील राजवाड्याची बाग, गिंकाकुजी आणि हेइआन देवस्थानाची बाग अशी पाच नावे आहेत. परंतु नकाशा उघडल्यावर ती शहराच्या दोन टोकांना विखुरलेली दिसतात. सकाळी आठला क्योटो स्थानकावर उतरेन आणि संध्याकाळी सातला परत निघेन. यादीतले काय गाळावे?

उलटा प्रवाह :
दोन नावे आपोआप गळतात. साइहोजीला आगाऊ नोंदणी लागते आणि कात्सुरा ठरलेल्या वेळी, मार्गदर्शकासोबतच पाहता येते. शिवाय दोन्ही ठिकाणे शहराच्या नैर्ऋत्येला आहेत. माझे मत विचाराल तर बागांची यादी बाजूला ठेवावी आणि पूर्वेकडच्या डोंगरपायथ्याने एका कालव्याचे पाणी धरून चालावे.

हा बिवा सरोवराचा कालवा. राजधानी टोकियोला गेल्यावर क्योटोला अवकळा आली, तेव्हा शहर सावरण्यासाठी तानाबे साकुरो या अगदी तरुण अभियंत्याच्या देखरेखीखाली 1885 साली काम सुरू झाले आणि 1890 मध्ये सरोवराचे पाणी डोंगर पोखरून शहरात आले. त्याच पाण्यावर केआगे येथे 1891 साली वीजनिर्मिती सुरू झाली आणि त्या विजेवर 1895 मध्ये शहरात ट्राम धावू लागली. बागांच्या दृष्टीने महत्त्वाचे असे की, या भागातल्या कित्येक बागांना वाहते पाणी मिळाले ते याच कालव्यामुळे.

भुयारी रेल्वेने कारासुमा-ओइके येथे गाडी बदलून केआगेला उतरावे. तिथून नान्झेनजीच्या आवारात शिरल्यावर लाल विटांचा कमानदार जलसेतू दिसतो. प्राचीन मंदिराच्या अंगणात एकोणिसाव्या शतकातले हे बांधकाम खटकायला हवे, पण खटकत नाही. बाजूने चढून गेल्यास वरून वाहणारे पाणी दिसते.

जवळच मुरिनआन आहे. यामागाता आरितोमो या राजकारण्यासाठी ओगावा जिहेई (हे नाव चालवणारे घराण्यातले सातवे) या उद्यानकारांनी ही बाग 1890च्या दशकात घडवली. बाग लहानशीच, परंतु हिगाशियामाचे डोंगर तिच्या रचनेत असे ओढून घेतले आहेत की तिची हद्द कुठे संपते ते कळत नाही. जपानीत याला शाक्केई, म्हणजे उसने घेतलेले दृश्य, म्हणतात. एक तास इथे खुशाल घालवावा.

हेइआन देवस्थानाची बागही जिहेई यांचीच. तिथल्या तळ्यात ओलांडायला ठेवलेले गोल दगड म्हणजे जुन्या सान्जो आणि गोजो पुलांचे खांब आहेत. कालव्यातून सरोवराचे मासेही या तळ्यात आले आणि त्यांतली एक दुर्मिळ जात इथे टिकून आहे, हे मला बागेपेक्षाही जास्त आवडले.

मग ‘तत्त्वज्ञाचा मार्ग’ धरावा. निशिदा कितारो हे तत्त्वज्ञ रोज या वाटेने चिंतन करत चालत, म्हणून हे नाव. सुमारे दोन किलोमीटरच्या या वाटेवर जलसेतूवरून आलेले तेच पाणी सोबत असते. कामो नदी दक्षिणेकडे वाहते, हे पाणी मात्र उत्तरेकडे जाते. वाट संपते ती गिंकाकुजीपाशी.

कोरडी बाग :
मार्ग सुंदर आहे, पण त्यात र्‍योआनजी नाही हे मला पटत नाही. अंदाजे 25 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद अशा पांढऱ्या खडीच्या अंगणात 15 दगड आहेत, आणि ओसरीवर कुठेही बसले तरी किमान एक दगड नजरेआड राहतो. सोबत कोणी असले की लोक दगड मोजू लागतात. एकटे असलेला माणूस मोजणे सोडून देतो. सकाळी आधी तिथे जाऊन मग पूर्वेकडे यावे, त्यासाठी हेइआनची बाग गाळली तरी चालेल.

उलटा प्रवाह :
र्‍योआनजीची थोरवी मान्य आहे. परंतु ती वायव्येला आहे आणि शहर आडवे ओलांडण्यात सकाळचा चांगला भाग बसमध्ये जातो. वाळूचेच आकर्षण असेल तर गिंकाकुजीत वाळूचा सपाट माथ्याचा शंकू आणि रेषा ओढलेला चौथरा आहे; वाटेतल्या होनेनइन मंदिरात शेवाळलेल्या दारातून आत शिरताच वाळूचे दोन आयताकृती उंचवटे दिसतात. तिथे गर्दीही बेताची असते.

ओला दगड :
जूनचा उत्तरार्ध हा तिथला त्सुयुचा, म्हणजे पावसाचा, काळ आहे. याची धास्ती घेऊ नये. शेवाळ खरे हिरवे दिसते ते याच दिवसांत आणि साइहोजी हुकल्याची रुखरुख होनेनइनमध्ये बरीच कमी होते. मंदिरांत पादत्राणे वारंवार काढावी लागतात, म्हणून नाड्या नसलेली, ओल्या दगडावर न घसरणारी पादत्राणे आणि जास्तीचे मोजे ठेवावेत. केवळ बससाठी मिळणारा एक दिवसाचा पास आता बंद झाला आहे. भुयारी रेल्वे आणि बसचा एकत्र पास 1100 येनला मिळत असे, पण केआगेहून चालतच जाणार असाल तर तो घेण्याची गरज नाही. मुरिनआनची वेळ मात्र आधी राखून ठेवावी.

पायवाट :
सर्वांचे आभार. कालव्याचा मार्ग नक्की केला. मुरिनआनची दहाची वेळ राखली आहे. त्याआधी जलसेतू, नंतर हेइआनचे तळे, आणि पाऊस फारच असेल तर होनेनइनमध्येच थांबून गिंकाकुजी सोडून देईन. र्‍योआनजी यादीतून खोडलेली नाही, तिच्यापुढे फक्त ‘पुढच्या वेळी’ असे लिहिले आहे.