मदत हवी आहे: .22 रायफलसाठी पुढचा टेकू आणि वाळूच्या पिशव्या

मंडळी, 50 मीटर प्रोनला (पालथं झोपून नेमबाजीच्या स्पर्धेला) रायफलखाली टेकू चालत नाही, माहीत आहे. मला तो फक्त काडतुसांचे लॉट (कारखान्यातले वेगवेगळे घाणे) तपासायला हवाय.

लेथवाल्याकडून लोखंडी तिपाई करून घेतली. उंची कमी-जास्त करायला एम16 चा (16 मिमी जाडीचा) साधा स्क्रू, आटे 2 मिमीचे, म्हणजे एका फेऱ्यात 2 मिमी उचल. तिथेच फसलो! टेकू ते मागची पिशवी 70 सेंमी, म्हणजे एका फेऱ्यात 50 मीटरवर नेम सुमारे 143 मिमी सरकतो. लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ 10.4 मिमीचं. श्वास रोखून स्क्रू फिरवतोय. बारीक आट्यांचा स्क्रू लावू, की उंची मागची पिशवी दाबूनच साधू?

मागची दोन कानांची पिशवी (कानांच्या मधे रायफलचा दस्ता बसतो) मोचीकडून चामड्याची शिवून घेतली. आत नदीची वाळू, चाळून, धुऊन, वाळवून. (तांदूळ भरा म्हणणाऱ्या मित्राला पोरकिडे दाखवायचेत.) पण पावसाळ्यात चामडं ओल धरतं, रायफल चिकटते आणि गोळ्या उभ्या रेषेत पसरतात. टाल्कम पावडर दोन-चार फैरींपुरती.

कानांना कॉर्ड्युरा (जाड नायलॉनचं कापड) लावून कुणी पाहिलंय का? झिरकॉन वाळू (साध्या वाळूपेक्षा जड) फाउंड्रीवाले किरकोळीत देतात का? पिशवी ठासून भरायची की थोडी सैल? पुण्यात कुणाचा तयार टेकू बघायला मिळाला तर माप घ्यायला लगेच येतो.