शर्यतीचे हलके बूट: माप कसं बघायचं आणि रुळायला किती किलोमीटर द्यायचे?

हळूहळू_२१: अर्धमॅरेथॉनला ६ आठवडे आहेत. सरावाचे बूट २८० ग्रॅमचे, ड्रॉप (टाच आणि चवडा यांच्या तळाच्या उंचीतला फरक) १० मिमी. शर्यतीसाठी २०० ग्रॅमच्या आतले, ४ मिमी ड्रॉपचे बघतोय. माप अर्ध्याने वाढवावं का? कार्बन प्लेट (तळातली कडक पट्टी) हवीच का? आणि नवे बूट रुळवायचे म्हणजे नेमकं काय करायचं?

टाच_आणि_चवडा: मापाचा आकडा विसरा, पाय घालून बघा. संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात आणि धावतानाही फुगतातच. शर्यतीत घालणार तेच मोजे घाला. उभं राहून सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. लांब बोट दर वेळी अंगठाच असतो असं नाही, काहींचं दुसरं बोट पुढे येतं. जागा कमी पडली तर उतारावर नखं आपटून काळी पडतात. पण लांबी बरोबर असून चवडा आवळत असेल तर अर्धा नंबर वाढवू नका. टाच सैल होईल आणि फोड टाचेला येतील. त्याऐवजी रुंद साच्याचा बूट शोधा.

वजनाचा फायदा खरा आहे, पण मोजका. प्रत्येक बुटात १०० ग्रॅम वाढले की त्याच वेगाला साधारण १ टक्का जास्त ऊर्जा लागते. म्हणजे तुमच्या ८० ग्रॅमने टक्क्याच्याही आतच फरक पडेल. तेवढ्यासाठी पायाला न बसणारा बूट घेऊ नका.

प्लेट हवीच असं काही नाही. प्लेटच्या बुटांत फोम जाड आणि मऊ असतो, त्यामुळे वळणावर घोटा डगमगतो. दुकानात एका पायावर ३० सेकंद उभे राहा. घोटा सतत आत झुकत असेल तर तो बूट राहू द्या.

पोटरी_सांभाळा: रुळवण्याबद्दल. हल्लीचं जाळीदार कापड आणि फोम चामड्यासारखे सैल होत नाहीत. दुकानात जे टोचतं ते ३० किलोमीटरनंतरही टोचणारच. खरा वेळ लागतो तो पोटऱ्यांना आणि अकिलीस शिरेला, म्हणजे टाचेच्या वरच्या जाड शिरेला. ड्रॉप १० वरून ४ वर आला की दर पावलाला टाच जास्त खाली जाते आणि शीर जास्त ताणली जाते.

६ आठवडे पुरेसे आहेत. पहिला आठवडा घरात अर्धा तास चाला, मग एकदाच ३ किमी सावकाश. दुसऱ्यात ५ किमी आणि शेवटी १०० मीटरच्या ४ स्ट्राइड्स (हळूहळू वेग वाढवत मारलेल्या छोट्या धावा). तिसऱ्या-चौथ्यात आठवड्यातून एक टेम्पो (जोरात, पण टिकवता येईल अशा वेगाची धाव), ६ ते ८ किमी. पाचव्यात शर्यतीच्या पेसने १० ते १२ किमी. सहाव्यात फक्त ३ किमी, बाकी आराम. एकूण ३३ ते ४० किमी होतील. लागोपाठ दोन दिवस घालू नका, आणि रोजचा सराव जुन्याच बुटांत ठेवा.

पोटरी भरून येणं चालेल. पण सकाळी अंथरुणातून उठून पहिली पावलं टाकताना टाचेच्या वर दुखलं, तर तो आठवडा पुढे सरकू नका. तरीही दुखत राहिलं तर शर्यत जुन्या बुटांतच धावा.

हळूहळू_२१: धन्यवाद. हलक्या बुटांची जीभ पातळ असते, लेस घट्ट केली की पावलाच्या वर रग लागते आणि बोटं बधिर होतात. सैल ठेवली तर टाच उचलली जाते. यावर काय?

टाच_आणि_चवडा: दोन्हीचा उपाय लेसमध्येच आहे. जिथे रग लागते तिथली आडवी लेस काढा आणि त्या भोकातून दोन्ही बाजूंनी सरळ वर न्या. मग सर्वांत वरच्या जादा भोकात प्रत्येक बाजूची लेस बाहेरून आत घालून छोटा फासा करा, समोरची लेस त्या फाशातून ओवा आणि खाली, टाचेच्या दिशेने ओढा. टाच धरली जाते, मधला भाग मोकळा राहतो. गाठ दुहेरी मारा. पातळ, गुळगुळीत लेस घामाने ओली झाली की सुटते.

पोटरी_सांभाळा: एक राहिलं. तळाचं रबर पातळ असतं, त्यामुळे एखादी धाव ओल्या रस्त्यावर करून पकड बघा. नंतर इनसोल काढून आत कागदाचे बोळे कोंबा आणि सावलीत वाळवा. उन्हात किंवा हीटरजवळ ठेवले तर चिकटवलेले थर सुटतात.