सातबारा वडिलांच्या नावावर, अतिवृष्टीचं अनुदान अडकलंय

सीनाकाठ_माढा:
नमस्कार मंडळी. आमची जमीन माढा तालुक्यात सीनेच्या काठाला. सप्टेंबर २०२५ च्या पुरात, लांबोटीजवळ पुणे हायवे बंद पडला होता तेव्हा, आमचा १ हेक्टर २० आर ऊस पाण्यात गेला. पाणी उतरलं तर ऊस आडवा, ठिबकच्या नळ्या बांधावरच्या बाभळीला गुंडाळलेल्या. नदीकडच्या अंगाची माती पार निघून खालचा मुरूम उघडा पडलाय, तिथं आता कुळवाचा फास लागत नाही. विहीर गाळानं भरली ती वेगळीच.

तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक येऊन पंचनामा करून गेले. यादीत नाव लागलं, पण वडिलांचं. वडील वारले. वारस नोंदीचा अर्ज दिलाय, फेरफार अजून मंजूर नाही. यादीत नावापुढं दिलेला विशिष्ट क्रमांक घेऊन केवायसीला (ओळख पडताळणीला) गेलं की वडिलांचाच अंगठा मागतात. वारस म्हणून आई, मी आणि बहीण. बहीण लातूरला दिलीय. शेजाऱ्यांचे पैसे आले, रब्बी पेरून झाली. आई रोज विचारते, आपलं कधी?

आणखी एक, शेजाऱ्याला हेक्टरी १७,००० नं आलेत. जाहीर तर २७,००० झाले होते ना?

सेतूवाला_बार्शी:
दादा, आधी शेवटचं सांगतो. १७,००० हा बागायतीचा आपत्ती निधीचा दर. जिरायतीला ८,५००, फळबागेला २२,५००. सरकारच्या पॅकेजमध्ये त्यावर रब्बीच्या बियाण्याचे हेक्टरी १०,००० धरलेत, ते वेगळे जमा होतात. मर्यादा ३ हेक्टर. तुमच्या क्षेत्राचे २०,४०० आणि रब्बीचे १२,००० बसतात.

आता वारसाचं. फेरफार मंजूर झाल्याशिवाय पुढं काही हलत नाही. तलाठ्यानं नोंद धरली की नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी प्रमाणित करतात. तुमची नोंद नेमकी कुठं थांबलीय ते अर्ज क्रमांकावरून बघा. वारस नोंदीला फी नसते, कुणी मागितली तर देऊ नका. 'जिवंत सातबारा' मोहीम २०२५ मध्ये याच कामासाठी काढली होती, तिचा उल्लेख अर्जात करा. नवा सातबारा हातात आला की मृत्यू दाखला जोडून तहसीलला यादीतलं नाव दुरुस्त करायचा अर्ज द्या, पोच घ्या. जमिनीचं खातं तिघांत सामाईक राहणार, म्हणून आई आणि ताईंचं संमतीपत्र लागेल. ताई दिवाळी-पंचमीला येतील तेव्हा बघू म्हणू नका, आत्ताच सही घेऊन ठेवा. तिघांचे फार्मर आयडी (शेतकरी ओळख क्रमांक) पण काढा, आयडी असला की वेगळी केवायसी लागत नाही.

मुरूम उघडा पडलेलं क्षेत्र पिकाच्या पंचनाम्यात येत नाही. खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७,००० आहेत, त्याचा पंचनामा वेगळा. विहिरीलाही ३०,००० जाहीर झालेत. दोन्ही नोंदलेत का ते तलाठ्याकडून कागदावर बघून घ्या, तोंडी 'झालंय' वर जाऊ नका.

मोहोळकर_शेतकरी:
आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते पण तपासा. माझे पैसे पाहिजे त्या खात्यात न येता, आधार शेवटी जोडलं होतं त्या जुन्या खात्यात गेले, आणि तिथं बँकेनं पीककर्जापोटी होल्ड लावला. मदतीचे पैसे कर्जात वळते करायचे नाहीत असे शासनाचे आदेश आहेत. मी तहसीलदारांना लेखी अर्ज दिला, एक प्रत जिल्हा अग्रणी बँकेला दिली, तेव्हा होल्ड निघाला. तोंडी भांडून काही झालं नव्हतं.

सीनाकाठ_माढा:
दोघांचे मनापासून आभार. आत्ता पंचनाम्याची प्रत काढून बघितली. फक्त 'ऊस, १.२० हे.' एवढंच लिहिलंय, जमीन आणि विहीर कुठंच नाही. पाणी उतरल्या दिवशीचे फोटो मोबाईलमध्ये आहेत, मुरूम आणि विहीर दोन्ही दिसतात. ते छापून उद्या फेरपंचनाम्याचा अर्ज देतो. बार्शीवाले भाऊ, संमतीपत्र साध्या कागदावर चालतं का स्टॅम्प लागतो? बहिणीला तसं कळवायचंय.